पायथनमधून स्विचशी बोलायचं कसं: आधी वाचन, मग बदल

कॅमेऱ्यांसाठी नवा व्हीलॅन (त्याच स्विचवर नंबर देऊन वेगळं केलेलं नेटवर्क) टाकायचा आहे. स्विच चाळीस आहेत आणि प्रत्येकावर पुटी या टर्मिनल प्रोग्रॅमने लॉगिन करून त्याच सहा-सात कमांड पेस्ट करायच्या आहेत. नेटवर्कमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांना अशी दुपार ओळखीची असते. पंचविसाव्या स्विचपर्यंत डोळे थकतात, कुठेतरी एक ओळ सुटते आणि ती सुटली हे आठवड्याने कळतं.

नेटमिको ही पायथन लायब्ररी याच कामासाठी आहे. कर्क बायर्स यांनी ती पॅरामिको या एसएसएच (दूरच्या उपकरणावर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) लायब्ररीवर उभी केली. पॅरामिको एसएसएचचं दार उघडून देते. त्यापुढे स्विचचा प्रॉम्प्ट ओळखणं, लांब आउटपुट पानापानाने थांबवणाऱ्या ‘मोर’पाशी अडकू न देणं, कॉन्फिग मोडमध्ये जाणं आणि बाहेर येणं हे नेटमिको सांभाळते. अरिस्टा, जुनिपर, एचपी असे बरेच स्विच तिला कळतात. इथे मी सिस्को आयओएसचं, म्हणजे सिस्कोच्या स्विचवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं, उदाहरण घेतो. कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजीतच करायच्या.

स्विचची तयारी

स्विचवर एसएसएच चालू हवं. होस्टनेम आणि ‘आयपी डोमेन-नेम’ दिलेलं असावं. मग ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए’ने 2048 बिटची की तयार करा, एक लोकल युजर बनवा आणि व्हीटीवाय लाइनवर (नेटवर्कवरून लॉगिन येतं ती) ‘लॉगिन लोकल’ व ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ लिहा. जुन्या सिस्को 2960 स्विचवर क्रिप्टोची कमांडच सापडली नाही, तर आयओएसच्या फाइलच्या नावात ‘के9’ आहे का ते पाहा. नसेल तर त्या इमेजमध्ये एसएसएच नाही.

लॅपटॉपवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून ‘पिप इन्स्टॉल नेटमिको’ केलं की झालं.

पहिला प्रश्न

नेटमिकोतून कनेक्टहँडलर इंपोर्ट करा आणि त्याला चार गोष्टी द्या: डिव्हाइस_टाइप म्हणून ‘सिस्को_आयओएस’, होस्ट म्हणून स्विचचा आयपी, युजरनेम आणि पासवर्ड. एनेबल पासवर्ड वेगळा असेल तर तो सीक्रेट म्हणून द्यायचा आणि लॉगिननंतर एनेबल हे फंक्शन बोलवायचं. पासवर्ड फाइलमध्ये लिहू नका. पायथनच्या गेटपासने तो चालवताना विचारून घ्या. स्क्रिप्ट आज तुमच्याकडे असते, उद्या कुणाला तरी मेलने जाते.

आता सेंड_कमांडला ‘शो व्हर्जन’ द्या आणि उत्तर प्रिंट करा. हे चाललं म्हणजे अर्धं काम झालं. मोठ्या स्टॅकवर (एकत्र जोडलेल्या स्विचवर) ‘शो रनिंग-कॉन्फिग’ला, म्हणजे आत्ता चालू असलेलं कॉन्फिग दाखवायला, वेळ लागतो. नेटमिकोच्या चौथ्या आवृत्तीत सेंड_कमांड 10 सेकंद वाट पाहून रीडटाइमआउट देते, म्हणून तिथे रीड_टाइमआउट 60 करा.

उत्तरातून माहिती काढणं

‘शो इंटरफेसेस स्टेटस’चं उत्तर म्हणजे साधा मजकूर. तो ओळीओळीने कापत बसू नका. त्याच सेंड_कमांडला यूज_टेक्स्टएफएसएम ‘ट्रू’ द्या, म्हणजे प्रत्येक पोर्टची एक डिक्शनरी अशी यादी हातात येते. मग ‘स्टेटस’ जिथे ‘एर-डिसेबल्ड’ (चुकीमुळे स्विचने स्वतःच बंद केलेला पोर्ट) आहे तेवढेच पोर्ट वेगळे काढणं दोन ओळींचं काम. एक खबरदारी घ्या. त्या कमांडचा टेम्प्लेट (मजकूर कसा कापायचा याचा साचा) जुळला नाही तर नेटमिको गप्प राहून साधा मजकूरच परत देते. त्यामुळे मिळालं ते यादी आहे का, हे आधी तपासा. डिक्शनरीतल्या कीजची नावंही एकदा प्रिंट करून पाहा, टेम्प्लेटच्या आवृत्तीप्रमाणे ती बदलतात.

या पायरीवर निदान दोन आठवडे थांबा, असं माझं अगदी मनापासून सांगणं आहे. रोज रात्री सगळ्या स्विचचं रनिंग-कॉन्फिग तारखेच्या फोल्डरमध्ये साठवणारी स्क्रिप्ट लिहा. त्यातून कुठला स्विच उत्तर देत नाही, कुठे पासवर्ड वेगळा आहे, कुठे कुणी चुकून काय बदललं, हे आपोआप समोर येतं. वाचणाऱ्या स्क्रिप्टने नेटवर्क पडत नाही. लिहिणाऱ्या स्क्रिप्टने काय होतं ते मी पाहिलं आहे.

एक शब्द राहिला तेव्हा

चाकणच्या एका कारखान्यात कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन 30 सगळ्या अपलिंकवर (स्विचला पुढच्या स्विचशी जोडणाऱ्या पोर्टवर) न्यायचा होता. ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या या लिंकवर, व्हीलॅन 10, 20 आणि मॅनेजमेंटचा (ज्यातून स्विचवर लॉगिन होतं तो) 100 आधीपासून होते. मी स्क्रिप्टमध्ये लिहिलं, ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 30’. हवं होतं ‘अलाउड व्हीलॅन अ‍ॅड 30’. ‘अ‍ॅड’ नसेल तर स्विच जुनी यादी पुसतो आणि नवी लिहितो. पहिल्या स्विचवर व्हीलॅन 100 गेला आणि सेशन तिथेच तुटलं. मी एक्सेप्शन (चूक झाली की पायथन देतं तो इशारा) पकडून ‘पुढच्या स्विचवर जा’ असं लिहिलं होतं, त्यामुळे स्क्रिप्ट इमाने इतबारे पुढे गेली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत अकरा स्विच गेले होते.

त्या दिवशी वाचवलं एकाच गोष्टीने. कॉन्फिग सेव्ह झालेलं नव्हतं. प्रत्येक रॅकपाशी जाऊन स्विच बंद-चालू केला की स्टार्टअप-कॉन्फिगमधून, म्हणजे सेव्ह केलेल्या कॉन्फिगमधून, जुनी यादी परत येत होती. अकराव्या रॅकचं दार बंद करेपर्यंत दुसरी शिफ्ट सुरू झाली होती.

बदल करायची पद्धत

तेव्हापासून मी हा क्रम मोडलेला नाही.

बदलासाठी सेंड_कॉन्फिग_सेट वापरायचं. कमांडची यादी दिली की ते स्वतः कॉन्फिग मोडमध्ये जातं, एकेक ओळ टाकतं आणि बाहेर येतं. पण स्विचने ‘इनव्हॅलिड इनपुट’ म्हटलं तरी ते थांबत नाही, तो मजकूर फक्त उत्तरात येऊन पडतो. म्हणून एरर_पॅटर्नमध्ये टक्क्याच्या चिन्हासकट ‘% इनव्हॅलिड’ हा नमुना द्या. मग चूक दिसताच एक्सेप्शन उठतं. आणि बदलाच्या स्क्रिप्टमध्ये एक्सेप्शन आलं की संपूर्ण लूप थांबला पाहिजे, पुढचा स्विच नाही.

बदलाआधी बॅकअप घ्या. रनिंग आणि स्टार्टअप एकसारखं आहे याची खात्री करा, नाहीतर दुसऱ्या कुणाचं सेव्ह न केलेलं काम तुमच्यामुळे उडेल. मग ‘रीलोड इन 10’ द्या. ही कमांड उलट प्रश्न विचारते, म्हणून इथे सेंड_कमांड_टायमिंग वापरायचं आणि पुढच्या बोलावण्यात रिकामी ओळ पाठवून होकार द्यायचा. आता तुम्ही बाहेर फेकले गेलात तरी दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येईल. मला ज्यासाठी अकरा रॅक फिरावे लागले, ते स्विच स्वतः करेल. रीस्टार्टमध्ये काही मिनिटं नेटवर्क जातं, त्यामुळे हे काम ठरवून घेतलेल्या वेळेतच करा.

बदल टाकला की डिस्कनेक्ट करा आणि नवं कनेक्शन उघडा. जुनं सेशन चालू राहिलं म्हणजे सगळं ठीक आहे, असं नाही. एसएसएचचं नवं लॉगिन झालं तरच खरं. त्याच कनेक्शनवर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ घ्या आणि 10, 20, 30, 100 चारही आहेत का ते स्क्रिप्टनेच तपासावं. असतील तर ‘रीलोड कॅन्सल’ आणि मग सेव्ह_कॉन्फिग. एकही कमी असेल तर सेव्ह करू नका. स्क्रिप्ट थांबवा आणि आधी घड्याळाकडे पाहा: दहा मिनिटांत हाताने दुरुस्त होत असेल तर करा, नसेल तर स्विचला रीस्टार्ट होऊ द्या.

पहिल्यांदा यादीत एकच स्विच ठेवा आणि तोही असा, की ज्याच्या मागे कुणाचं काम अडत नाही. तो नीट झाला की तीन, मग दहा. थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) लावून एकदम दहा-दहा स्विचवर काम करता येतं आणि बॅकअपसाठी मी ते रोज करतो. ट्रंकला हात लावताना मात्र एकामागून एकच, आणि सगळ्यांत लांबच्या स्विचपासून कोअरकडे (मधल्या मुख्य स्विचकडे) यायचं. म्हणजे मधला एखादा तुटला, तरी त्याच्या पलीकडचे सगळे आधीच तपासून झालेले असतात.