लग्नसराईआधी जुन्या डिझेल गाडीची तयारी

दहा-बारा वर्षं चाललेली डिझेल गाडी दीड-दोन लाखांत दारात आली की पहिला खर्च बहुतेक घरी सीट कव्हरवर आणि साउंडवर होतो. तो पैसा आधी राखून ठेवा. आपल्याकडे विदर्भात गाडी एका घराची राहत नाही. रात्री कुणाला साप चावला, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर १०८ ला फोन लागतोच, पण ॲम्ब्युलन्स लांब असली की दार आपलंच वाजतं. तालुक्याच्या दवाखान्यात ‘मेडिकलला न्या’ (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजला) म्हटलं की तसंच पुढं नागपूर गाठावं लागतं. अशा वेळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली पाहिजे, वाटेत तापली नाही पाहिजे आणि ब्रेक दाबला की थांबली पाहिजे. खर्चाचा क्रम या तीन गोष्टींवरून लावायचा. डेंटिंग-पेंटिंग पुढच्या हंगामात.

सगळं मार्चमध्येच उरकायचं. एप्रिल-मे महिन्यांत अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि लग्नं नेमकी तेव्हाच असतात. सगळ्या सीटा भरलेल्या, डिक्कीत आहेराची भांडी, एसी चालू आणि भर दुपारचा रस्ता. जुन्या इंजिनाची खरी परीक्षा हीच. शिवाय मे लागला की गॅरेजवर नंबर लागत नाही.

सुरुवात पाण्यापासून करा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि आत बोट फिरवा. बोटाला तांबूस गाळ लागला, झाकणाच्या रबराभोवती पांढरा थर दिसला, तर आधीच्या मालकानं कूलंटऐवजी बोअरचं पाणी टाकलंय असं धरून चाला. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, मूर्तिजापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथलं खारं पाणी पिकाला मानवत नाही, मग रेडिएटरला कसं मानवेल? बाकी विदर्भातही बोअरचं पाणी जडच असतं. क्षार बारीक नळ्यांमध्ये बसत जातात. हिवाळ्यात काही कळत नाही, आणि मे महिन्यात घाटाखाली काटा लालकडे सरकतो. म्हणून रेडिएटर फ्लश करून घ्या, फार बुजला असेल तर उतरवून साफ करा, नाहीतर बदला. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. तयार मिसळलेलं कूलंट आणलं असेल तर त्यात पाणी घालायचंच नाही. झाकणही नवीन घ्या. ते आतला दाब धरतं, दाबामुळं पाणी उशिरा उकळतं, आणि झाकणाचा रबर गेला की चांगलं कूलंटही बाहेर फेकलं जातं. होज पाइप दाबून पाहा. चिरा दिसल्या किंवा हाताला लिबलिबीत लागला तर बदलायचा.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप, काढून टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मिस्त्री म्हणतात, उन्हाळ्यात त्याचं काय काम? मला हे पटत नाही. तो नसला की इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. अडकत असेल तर नवीन बसवा. आणि रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी बघायला विसरू नका. जिनिंगच्या रस्त्यावर आणि कापसाच्या बाजारात उडणारा कापूस तिथं चिकटून बसतो, त्यावर धूळ बसते आणि हवाच आत जात नाही. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हलक्या धारेनं पाणी मारा. जोराच्या प्रेशरनं पत्र्या वाकतात. त्यानंतर एसी चालू करून पंखा फिरतो का, तेही पाहा.

जुनी गाडी बघताना जाणत्या मिस्त्रीचा पहिला प्रश्न असतो, “भाऊ, गाडी पाणी पेते का?” रोज पाणी कमी होतं आणि खाली थेंब नाही, तर ते आत जातंय. ऑइल भरायचं झाकण काढून खालची बाजू बघा. तिथं ताकासारखा फेस असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या सांध्यातलं पॅकिंग) संशय घ्या आणि लग्नाला दुसऱ्याची गाडी ठरवा. पाणी बंद होण्याच्या पावडरी टाकून वेळ मारून नेऊ नका. त्या रेडिएटरच्या नळ्याही बुजवतात. वाटेत काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी सावलीला. झाकणाला तासभर हात लावायचा नाही. उकळतं पाणी तोंडावर येतं, कायमचं भाजतं. तापलेली गाडी ‘गाव जवळच आहे’ म्हणून रेटली की हेड वाकतं, आणि तो खर्च वर सांगितलेल्या सगळ्या खर्चापेक्षा मोठा.

आता डिझेल. शेतावर ट्रॅक्टरसाठी ड्रम असतो, त्यातलं पाच लिटर गाडीत टाकायचा मोह होतो. जुनी इंडिका असेल तर एखाद वेळ निभेल, पण स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा यांच्यातलं फियाटचं १२४८ सीसी इंजिन कॉमन रेलचं, म्हणजे फार मोठ्या दाबानं डिझेल फवारणारं आहे. त्याच्या इंजेक्टरला पाण्याचा अंश आणि कचरा सोसत नाही, आणि इंजेक्टर स्वस्त नाहीत. डिझेल फिल्टर नवीन टाका, त्याच्या खालच्या स्क्रूतून साचलेलं पाणी पावसाळ्यात अधूनमधून सोडा. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. पाचशे-पाचशेचं डिझेल टाकत काट्यावर गाडी चालवली की टाकीच्या तळाचा गाळ ओढला जातो. डिझेल संपून लाइनमध्ये हवा शिरली तर नुसतं डिझेल टाकून गाडी चालू होईलच असं नाही, हातपंपानं हवा काढावी लागते. रात्री पांदणीत ते काम कुणाला जमणार? एअर फिल्टर मात्र आपल्या भागात पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच बदलायचा. सोयाबीन काढणीत कुटाराची धूळ किती आत जाते हे फिल्टर उन्हात धरला की दिसतं.

इंजिन ऑइल डिझेल गाडीत भरल्यावर लगेच काळं पडतं, त्यावरून घाबरू नका आणि त्यावरून ठरवूही नका. किलोमीटर आणि तारीख बोनेटच्या आत लिहून ठेवा. ग्रेड गाडीच्या पुस्तकाप्रमाणेच. टर्बो असेल तर लांबून आल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवून मग बंद करा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर बदललाच नाही असं समजा. इंडिकाच्या १४०५ सीसी इंजिनला बेल्ट आहे, फियाटच्या १२४८ ला चेन. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग इंजिन खोलण्याशिवाय इलाज नाही.

सेल्फचं काम बॅटरीचं. डिझेल इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते आणि बॅटरी थंडीइतकीच उन्हानंही मरते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड साफ करा, पाणी भरायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच टाका. सकाळी पांढरा धूर काढत, थडथडत चालू होत असेल तर ग्लो प्लग (थंड इंजिन चालू व्हायला आत गरमी देणारे) तपासून घ्या. ते दिवाळीनंतर जास्त त्रास देतात, पण काम आत्ताच करून टाकावं.

ब्रेकबद्दल काटकसर नको. पॅड, मागचे लायनर आणि ब्रेक ऑइल. हे तेल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. खोबणी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं, बाजूला चिरा पडलेलं रबर समृद्धीच्या सिमेंटवर भर दुपारी नेऊ नका. हवा सकाळी टायर थंड असताना भरा, स्टेपनीतही. ऑइल चेंबर खालून एकदा पाहून घ्या. पांदणीतल्या दगडानं पोचा आला असेल तर थेंब गळतोय का ते बघा. घरात कापूस भरलेला असेल तर उंदीर बोनेटमध्ये येणार, वायरी खाणार. गाडी कापसाच्या गंजीपासून लांब लावा आणि आठवड्यातून एकदा बोनेट उघडा.

कागद वेळेवर बघावे लागतात. आरसीची मुदत १५ वर्षांची. ती संपण्याच्या आधी ६० दिवसांत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, गाडी आरटीओला दाखवावी लागते, पुढं पाच वर्षं मिळतात. १५ ते २० वर्षांच्या कारला त्याची फी ५,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट (एचएसआरपी) लावून घ्या. दिल्लीकडची डिझेल गाडी स्वस्त मिळते, कारण तिथं दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका आणि इथला रोड टॅक्स किमतीत धरा. बँकेचा बोजा उतरलाय का तेही आरसीवर वाचा. विमा निदान थर्ड पार्टीचा तरी चालू हवा, आणि मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती कव्हर त्यात आहे का ते विचारा.

डिक्कीत पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर, जॅक, पाना, टॉर्च, टोचन दोरी आणि इंजिनचा एक जुना पट्टा (फॅन बेल्ट) ठेवा.

सगळं झालं की लग्नाच्या आठवडाभर आधी घरची माणसं बसवून, एसी लावून, दुपारी दोनला चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी पळवा. काट्यावर नजर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीचं कूलंट खुणेशी ताडून बघा. कमी झालं असेल तर त्याच दिवशी मिस्त्रीकडं न्या.