मिश्र पाळी कशी चालवावी: उद्यमबागेतल्या नव्या सुपरवायझरांसाठी

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आमची दुसरी पाळी दुपारी तीनला लागते आणि रात्री अकराला सुटते. त्यात खानापूर तालुक्यातले मराठी, बैलहोंगल-सौंदत्तीकडचे कन्नड, बेळगाव गावातले उर्दू बोलणारे आणि ओडिशा-बिहारमधून आलेले, असे सगळे एका छपराखाली असतात. मच्छेच्या वसाहतीत जा नाहीतर होनग्याच्या, थोड्याफार फरकानं हेच दिसेल. आपली डिप्लोमा झालेली मुलं ड्रॉइंग वाचण्यात पक्की असतात, पण पाळी हातात आली की अडखळतात. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच सांगतो: तिसऱ्याच्या तोंडून निरोप पाठवायचा नाही. ज्याचं काम, त्याच्या मशीनपाशी स्वतः जायचं.

समजा, हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, वीस मायक्रॉननं (०.०२ मिलिमीटरनं) लहान येतोय. तुम्ही टेबलावरूनच हेल्परला म्हणालात, "त्याला सांग, वीस वाढव." हेल्पर सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) कन्नडमध्ये सांगणार, सेटर ऑपरेटरला हिंदीत. आता वाढवायचं काय, माप की ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो मशीनमधला आकडा)? बोअर मोठा करायचा तर एक्सच्या वेअर ऑफसेटमध्ये अधिक ०.०२ जातं. पण त्याच पीसचा बाहेरचा व्यास जाड आला असेल, तर तिथं वजा ०.०२ टाकावं लागतं. शिवाय फानुक कंट्रोलवर (मशीनच्या स्क्रीन-बटणांच्या पॅनेलवर) 'इनपुट' दाबलं की जुना आकडा जाऊन नवा बसतो आणि 'प्लस इनपुट' दाबलं की जुन्यात मिळवला जातो. आधीच्या पाळीनं काही करेक्शन दिलेली असेल, तर चुकीच्या बटणानं ती उडते आणि पुढचा पीस थेट रिजेक्टच्या लाल बिनमध्ये जातो. यात ऑपरेटरचा काय दोष?

म्हणून बोअर गेज हातात घेऊनच मशीनपाशी जा. रीडिंग त्याला दाखवा. मशीनच्या दारावर मार्करनं टूल नंबर, चिन्ह आणि आकडा लिहा. आकडे सगळ्यांना वाचता येतात. बटण त्यालाच दाबू द्या, स्क्रीनवरचा आकडा तुम्ही बघा. पुढचा पीस निघेपर्यंत तिथंच थांबा आणि तो त्यालाच मोजायला लावा. "समजलं का?" हे मात्र विचारू नका. त्याला "हां साहेब", "हूं री", "होय की" हीच उत्तरं येतात, समजलेलं असो वा नसो. नव्या माणसाला सगळ्यांदेखत 'नाही' म्हणायचा संकोच वाटतो, आणि तो कुठल्याही मुलखाच्या माणसाला वाटतो. "करून दाखव" म्हणा. पाच मिनिटं जातात, पण तेवढीच जातात.

रात्री अकराला पाळी बदलताना हेच करायचं. जाणारा आणि येणारा दहा मिनिटं एकाच मशीनसमोर उभे राहिले पाहिजेत, मध्ये शेवटचा ओके पीस. वहीत लिहिलेलं पुरत नाही, कारण वही कुणाच्या तरी एकाच लिपीत असते.

नोटिशींचंही असंच आहे. कारखान्यातल्या सक्तीच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावायच्या, ही १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टपासूनची रीत आहे. ते झालंच पाहिजे. पण ज्यांची भाषा त्यात बसत नाही, त्यांच्यासाठी एका फळीवर खराब पीसच टांगा: एक ब्लो होलचा (ओतकामात राहिलेली पोकळी), एक चॅटर मार्कचा (टूल थरथरल्याच्या खुणा), एक बर (कडेची धातूची कूस) राहिलेला, आणि दोषाभोवती लाल रंगानं गोल. आमच्याकडे नवा माणूस आला की आधी त्या फळीपाशी नेतात. तो पीस हातात घेतो, दोषावरून बोट फिरवतो, आणि मग मशीनवर जातो.

नावाबद्दल मी फार आग्रही आहे. ओडिशाच्या मुलाला "ए बिहारी" म्हणून हाक मारलेली मला खपत नाही, आणि बिहारच्या मुलालाही नाही. पहिल्याच दिवशी नाव विचारा, दोनदा म्हणून बघा, बरोबर आहे का ते त्यालाच विचारा. वयानं मोठ्यांना नातं लावा: कन्नड फिटरना अण्णा किंवा काका, उर्दू बोलणाऱ्या मिस्त्रींना चाचा, आपल्याकडच्यांना मामा. जेवणाच्या सुट्टीत "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) एवढं कन्नडमध्ये विचारता आलं तरी पुष्कळ आहे. व्याकरण चुकलं तर ते सुधारून देतील, आणि त्या निमित्तानं बोलणं सुरू होईल.

जेवणाचं विचाराल तर दुसऱ्या पाळीत खरी गोष्ट ताटात काय आहे ही नसून कधी जेवायचं ही आहे. आपल्या भागात जैन कामगार पुष्कळ. त्यांतले कित्येक जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, चातुर्मासात तर नाहीच. आठ वाजता जेवणाची घंटा झाली, तर तो माणूस रात्री अकरापर्यंत उपाशी राहतो आणि कुणाला बोलतही नाही. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्याला नेमकी त्याच सुमारास, सूर्य मावळल्याबरोबर, पाणी आणि खजूर हवा असतो. मार्चमध्ये बेळगावात सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो. आमच्याकडे एकमेकांशेजारच्या दोन मशीनवर हे दोघं होते. दोघांना एकत्र बसवून ठरवलं: सव्वासहाला एकानं डबा उघडायचा, त्याचं मशीन दुसऱ्यानं बघायचं, पावणेसातला तो परत आला की दुसऱ्यानं रोजा सोडायला जायचं. दोन्ही मशीन चालू राहिली, दोघंही जेवले. पुढं रमजान संपला तरी जैन गड्याच्या सव्वासहाच्या डब्याच्या वेळी त्याचं मशीन दुसऱ्यानं स्वतःहून सांभाळलं. हे मला सुचलेलं नाही, त्या दोघांनीच सुचवलं. मी फक्त विचारायला गेलो होतो.

सुट्ट्या जानेवारीतच ठरवा. कर्नाटकच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या सुट्ट्या पक्क्या; सणांच्या आणखी पाच कामगारांशी बोलून ठरवायच्या असतात. पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, तिथं भांडण नाही. पण पाचात सगळं मावत नाही. वैशाख शुद्ध द्वितीयेला आपली बेळगावची शिवजयंती आणि लगेच तृतीयेला बसवजयंती. चित्ररथांच्या मिरवणुकीच्या रात्री मराठी पोरं कामावर येतील ही आशाच सोडा. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी बिहारच्या मुलांची छठ, त्याखेरीज सौंदत्तीच्या यल्लम्माची पौर्णिमा. शिवाय खानापूर भागातल्या गावांची लक्ष्मी यात्रा कित्येक वर्षांनी एकदा येते. त्या गावचा माणूस नोकरी सोडेल पण यात्रा चुकवणार नाही. मोठा कागद भिंतीवर लावा आणि प्रत्येकाला आपला एक न चुकणारा दिवस स्वतःच्या हातानं लिहू द्या, त्याच्या लिपीत. मग अदलाबदल ते आपसांत करतात: ईदला कन्नड-मराठी उभे राहतात, गणपतीत चाचा आणि बिहारची मुलं पाळी ओढतात. छठला मात्र दोन दिवसांत भागत नाही, रेल्वेचाच वेळ मोठा असतो. त्यांना आठवडा द्या आणि तिकीट काढण्याआधीच 'हो' सांगा.

राहिला १ नोव्हेंबर. कंपनीच्या दारात राज्योत्सवाचा झेंडा लागतो, आणि आपल्यातले कित्येक जण काळा दिवस पाळून फेरीला जातात. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, घातलं, तेव्हापासूनचं हे दुखणं आहे, आणि ते माझंही आहे. पण शेजारच्या मशीनवरचा कन्नड अण्णा तो निर्णय घ्यायला गेला नव्हता. ३१ ऑक्टोबरच्या पाळीत फेरीला जाणारे आणि झेंडावंदनाला थांबणारे, दोघांशी वेगवेगळं न बोलता एकत्र बोला, आणि २ तारखेला कोण कुठल्या मशीनवर हे तिथंच लावून टाका. जोड्या बदलू नका. जो रोज ज्याच्याबरोबर काम करतो, तोच त्याच्याबरोबर राहू दे. कुणी काळ्या फितीबद्दल विचारलं, तर उत्तर फीत लावणाऱ्यालाच देऊ दे, तुम्ही मध्ये पडून समजावू नका. आणि २ तारखेचा पहिला पीस दोघांनी मिळून मोजायचा, हे ३१ च्या पाळीतच सांगून ठेवा.