लेखनासाठी स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ घ्यावे
वरुडच्या संत्राबागेतील आंबिया बहाराविषयी किंवा वऱ्हाडी बोलीतील शब्दांविषयी कष्टाने लिहिलेला मजकूर केवळ समाजमाध्यमावर ठेवला, तर तो दोन दिवसांत खाली सरकतो आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्यालाही सापडत नाही. शिवाय ते माध्यमच बंद पडू शकते, जसे ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. म्हणून स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरील पत्ता, घ्यावे. ते कायमचे विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीपुरतेच मिळते. त्यामुळे नोंदणी स्वतःच्याच ई-मेलवर करावी (संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नव्हे, हे कळकळीने सांगतो) आणि नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पुढे होस्टिंग कंपनी (संकेतस्थळाचा मजकूर साठवून ठेवणारी) बदलली, तरी लेखांचा पत्ता तोच ठेवता येतो. छायाचित्रे लहान आकाराची टाकावीत, म्हणजे शेतात नेटवर्क कमी असतानाही पान उघडेल.