पोकलेनचा टेम्परेचर सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

मॉनिटरवर कूलंट टेम्परेचरचा कोड आला की साइटवरून पहिला फोन स्पेअरवाल्याला जातो, "सेन्सर पाठव." सेन्सर स्वस्त असतो, पटकन निघतो आणि पटकन बसतो, म्हणून संशयही आधी त्याच्यावरच. नवा सेन्सर बसतो, कोड हलत नाही. मग कुणीतरी "ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला वाटतं" म्हणतं आणि किंमत ऐकून मालकाचा पारा इंजिनाच्याही वर जातो.

त्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते. इंजिन खरंच तापलंय, की नुसता सिग्नल तसं सांगतोय?

कोड अर्धाच वाचणं

कोडमधला एसपीएन हा आकडा दोष कशाबद्दल आहे एवढंच सांगतो. एसपीएन ११० म्हणजे 'कूलंटचं तापमान', बस. दोष कसला आहे ते शेजारचा एफएमआय सांगतो आणि नेमका तोच कुणी लिहून घेत नाही. एफएमआय ३ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज वर गेलंय: वायर तुटली, कपलर (वायरिंगचा सेन्सरला लागणारा जोड) निघाला किंवा सेन्सर आतून ओपन झाला, म्हणजे तुटला. एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज खाली पडलंय: वायर कुठेतरी बॉडीला लागली किंवा सेन्सर आतून शॉर्ट आहे. २ असेल तर आकडा उड्या मारतोय. पण ० किंवा १६ असेल तर सेन्सर आपलं काम चोख करतोय, इंजिन खरोखर गरम आहे.

कमिन्सच्या इंजिनावर हेच कोड १४४ आणि १४५ सर्किटचे, १४६ आणि १५१ खऱ्या गरमीचे. कोमात्सूच्या मशीनवर सीए१४४, सीए१४५ सर्किटसाठी, तर बी@बीसीएनएस ओव्हरहीटसाठी. १५१ समोर दिसत असताना सेन्सर मागवणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. तिथे रेडिएटरची जाळी, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप बघायचा. त्याहून वाईट म्हणजे अलार्म नको म्हणून कपलर काढून मशीन चालवणं. ईसीएमला गरमी दिसेनाशी होते, तो पॉवर कमी करून इंजिन वाचवू शकत नाही आणि मग हेड वाकतं.

कोड पुसण्याआधी फोटो काढा. चालू कोड आणि जुने साठलेले कोड वेगवेगळे असतात, दोन्हींचा काढा.

मीटर नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहणं

कूलंट कमी झालं की सेन्सरचं टोक हवेत उघडं पडतं. हवेतून त्याला पाण्याइतकी उष्णता मिळत नाही, त्यामुळे काटा मधोमध आणि इंजिन आत उकळतंय, असं होऊ शकतं. होज बदलल्यावर हवा नीट काढली नाही तरी हेच. म्हणून पहिलं काम लेव्हल बघण्याचं, तेही मशीन थंड असताना आणि रेडिएटरमध्ये. बाजूची कूलंटची बाटली भरलेली दिसली म्हणजे रेडिएटर भरलेला असतोच असं नाही. गरम इंजिनाचं झाकण मात्र कुणाच्याही घाईपोटी उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की क्षणात उकळतं आणि थेट तोंडावर येतं.

सकाळची फुकटची तपासणी

रात्रभर उभी असलेली मशीन, किल्ली ऑन, इंजिन बंद. सर्व्हिस मेनूत कूलंट, इनटेक हवा आणि हायड्रॉलिक ऑइल यांचे आकडे बघा. तिन्ही बाहेरच्या हवेच्या आसपास हवेत. दोन २४-२५ दाखवतायत आणि कूलंट एकटंच ५५, तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग खोटं बोलतंय. उणे ४० दिसलं तर सर्किट ओपन आहे. फक्त लक्षात ठेवा, काही मशीनवर बिघाड असताना ईसीएम स्वतःचा ठरवलेला आकडा दाखवतो.

लेझर गनने (लांबून तापमान मोजणाऱ्या) ताडून बघणार असाल तर चकचकीत धातूवर धरू नका, ती कमी आकडा देते. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर काळी टेप चिकटवा आणि तिच्यावर धरा.

कपलर काढून बघितल्याशिवाय सेन्सर मागवणं

सगळ्यात जास्त पैसा इथे वाचतो. सेन्सर दोन वायरचा असेल तर किल्ली ऑफ करून कपलर काढा, परत ऑन करा आणि हार्नेसच्या (वायरिंगच्या जुडग्याच्या) दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. साधारण ५ व्होल्ट यायला हवेत. नाही आले तर सिग्नलची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मोजा. तिथे ५ मिळाले तर परतीची (ग्राउंडची) वायर तुटली आहे. ती वायर बऱ्याचदा इतर सेन्सरशी सामायिक असते, म्हणून चार कोड एकदम आले तर चार सेन्सर मागवू नका.

आता मॉनिटर बघा. आधी एफएमआय ४ होता आणि कपलर काढल्यावर ३ झाला, तर शॉर्ट सेन्सरमध्येच होता. ४ तसाच राहिला तर शॉर्ट वायरिंगमध्ये आहे. उलट आधी ३ असेल तर हार्नेसच्या दोन पिना बारीक वायरने जोडा. ४ आला तर वायरिंग ठीक, सेन्सर ओपन. ३ च राहिला तर वायर किंवा पिन शोधा. तीन वायरच्या प्रेशर सेन्सरवर हा प्रयोग करायचा नाही, तिथे सप्लायच शॉर्ट होईल.

मल्टीमीटरचा जाड प्रोब फीमेल पिनमध्ये खुपसू नका. पिन रुंदावते, मग मशीन हादरली की कोड येतो, थांबली की जातो. वायरला सुई टोचून मोजणंही नको. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. टेस्ट लॅम्प तर या सर्किटजवळ आणायचाच नाही.

ओहम बघायचे तर सेन्सर काढून, गरम पाण्यात थर्मामीटरसोबत धरून. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरला २० अंशांना सुमारे २,५०० ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३२० ओहम मिळतात. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, मॅन्युअल बघा. तापमान वाढेल तसे ओहम एकसारखे उतरत गेले पाहिजेत, मध्येच उडी नको.

काही किरकोळ, पण महागात पडणाऱ्या गोष्टी

बोअरचं पाणी टाकत राहिलं की सेन्सरच्या टोकावर क्षारांचा थर बसतो आणि आकडा उशिरा हलतो. इंजिनावर प्रेशर वॉशर मारताना कपलर वाचवा. बकेटला वेल्डिंग करताना बॅटरी सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावा. मशीन बरेच दिवस उभी होती? उंदरांनी हार्नेस कुरतडलाय का तेही बघा. जुन्या एक वायरच्या सेंडरला (काट्याच्या मीटरच्या सेन्सरला) टेफ्लॉन टेप गुंडाळली तर बॉडीतून मिळणारी अर्थ तुटू शकते.

काटा कायम खालीच राहत असेल, लोड देऊनही ६० च्या वर जात नसेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय का ते आधी बघा.

आणि इतकं करून सेन्सर बदलायचाच ठरला तर पार्ट नंबर जुळवून घ्या. आटे आणि कपलर तेच, पण ओहमचं गणित वेगळं, असे सेन्सर काउंटरवर सर्रास मिळतात. बसवल्यावर हवा काढा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत मशीन लोडवर चालवा, थंड झाल्यावर लेव्हल पुन्हा बघा, आणि कोड त्यानंतर पुसा.