जपानी घरात राहायला जाताय? निघताना 'येते' म्हणा

आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरात कुणी "जातो" म्हटलं की आई लगेच टोकायची, "जातो नाही, येतो म्हण." वागळे इस्टेटमधल्या नोकरीत प्रशिक्षणासाठी मी ५ महिने जपानला, ओत्सूत एका कुटुंबात राहिले, तर तिथेही तेच! बाहेर पडणारा म्हणतो "इत्तेकिमासु", म्हणजे जाऊन येते. घरातले म्हणतात "इत्तेराश्शाय", जाऊन ये. हे दोन शब्द पहिल्याच दिवशी पाठ करा. "सायोनारा" घरच्या माणसांत सहसा म्हणत नाहीत, त्यात मोठ्या ताटातुटीची छटा असते.

आता न्हाणीघर, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच होतो. टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं आणि मग टबातल्या गरम पाण्यात नुसतं बसायचं. त्याच पाण्यात घरातले सगळे पाळीपाळीने बसतात, पाहुण्याला बहुतेक वेळा पहिला मान. मलाही मिळाला. वापरलेलं पाणी दुसऱ्यासाठी ठेवायचं हे माझ्या मनातही आलं नाही. बूच काढलं, टब रिकामा केला, वर घासूनही ठेवला. ओतोसान, म्हणजे घरातले बाबा, खांद्यावर टॉवेल टाकून आले, कोरडा टब पाहिला आणि पोट धरून हसले. टब पुन्हा भरेपर्यंत आम्ही तिघं स्वयंपाकघरात बार्लीचा चहा पीत बसलो. आमच्यातलं अवघडलेपण गेलं ते त्या संध्याकाळी.

म्हणून चूक झाली तर लपवू नका. "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, म्हणा, मान झुकवा आणि आपल्याकडे काय करतात ते सांगा. त्यांना ते ऐकायला मनापासून आवडतं.

संडासाच्या चपला वेगळ्या असतात, त्या तिथेच सोडायच्या. तातामीवर, म्हणजे खोलीत अंथरलेल्या जाड गवती चटयांवर, कुठलीच चप्पल नको. चॉपस्टिक्स भातात उभ्या रोवू नका, मृतासाठी वाढलेल्या भातात तशा रोवतात. शाकाहारी असाल तर मिसो सूपबद्दल आधीच बोला. त्यातलं पाणी, दाशी, बहुधा सुक्या माशाचं असतं. कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाचंही करता येतं.

भेटवस्तू विचार करून घ्या. मी जांभळी नाक्यावरून पितळेच्या ४ वाट्या नेल्या होत्या. जपानीत चारला "शी" म्हणतात आणि मृत्यूलाही "शी", त्यामुळे चारच्या संख्येत भेट देणं टाळतात. तिथे वाट्या-बशांचा संच बहुधा पाचाचा. ओकासान, घरातली आई, काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर फडताळात माझ्या वाट्यांशेजारी तिने आपली एक मातीची वाटी मांडली होती. तुम्ही ५ न्या. दोन्ही हातांनी द्या, आणि त्यांनी तुमच्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

शेवटचा आठवडा खरेदीत घालवू नका. एक संध्याकाळ तुम्ही रांधा. मी वरणभात आणि बटाट्याची भाजी केली, हिंग ठाण्याहून नेलेला होता. जेवताना मी सहज सांगितलं, की आमच्याकडे निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. निघायच्या सकाळी ओकासान दाराशी दह्याची वाटी आणि चमचा घेऊन उभी होती. साखर घालायलाही ती विसरली नव्हती.

स्टेशनवर लगेच आत वळू नका. पाहुणा नजरेआड होईपर्यंत ती माणसं हात हलवत उभी राहतात, म्हणून पुन्हा पुन्हा मागे वळून पाहा. मी "इत्तेकिमासु" म्हटलं. ओकासानला "इत्तेराश्शाय" म्हणायला जरा वेळ लागला, पण ती म्हणाली.

घरी पोचल्यावर फोन कराच, पण आठवड्याच्या आत हाताने लिहिलेलं पत्रही टाका. मी पत्रासोबत जांभळी नाक्यावरच्या त्याच दुकानातली पाचवी वाटी पाठवली.