टॅपेट कव्हरमधून ऑईल गळतंय? बोल्ट आवळत बसू नका

जुन्या मोटारसायकलच्या हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावर, टॅपेट कव्हर नावाचं झाकण असतं. तिथे ऑईलचा ओघळ दिसला की आपला हात आधी पान्याकडे जातो. तिथेच चूक होते. कव्हरचे बोल्ट बहुतेक 6 मिमीचे, बसतात ॲल्युमिनियमच्या आट्यांत. जोर लावला की आटे गेलेच, आणि मग दोनशे रुपयांचं काम हजारांत जातं.

आधी गळती नेमकी शोधा. इंजिन थंड असताना हेड रॉकेलने धुवा, पुसून कोरडं करा, वरून टाल्कम पावडर भुरभुरा. पाच-सात मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. जिथे पावडर तपकिरी होऊन चिकटेल, गळती तिथेच. रस्त्यावर वाऱ्याने ऑईल मागे पसरतं आणि भलत्याच जोडावर संशय जातो.

कव्हर काढल्यावर जुनं रबर गॅस्केट (जोडातून ऑईल गळू नये म्हणून बसवलेली पट्टी) बोटांत वाकवून बघा. कडक होऊन कटकन मोडलं, तर नवीनच टाका. खाचेतला जुना चिकटा लाकडी पट्टीने खरवडा. स्क्रूड्रायव्हरचा एक ओरखडासुद्धा पुन्हा गळतो. सिलिकॉन सीलंट (जोड बुजवायची पेस्ट) सगळीकडे थापू नका, आत सुटलेला तुकडा ऑईलची वाट बंद करू शकतो. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी अर्धगोल खाच असेल तर तिच्या कोपऱ्यांवर ठिपकाभर पुरे.

बोल्ट आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा. 6 मिमीच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर एवढा पिळाचा जोर पुरतो, गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा पाहून घ्या.

एवढं करूनही गळालं, तर ब्रीदर पाइप तुंबलाय का बघा. आतला दाब तिथून निघाला नाही तर नवं गॅस्केटही टिकत नाही.