भाषणातला कर्ता कसा शोधायचा

लहान मुलाच्या हातून कप फुटला की ते काय सांगतं? "कप फुटला." आणि भावाच्या हातून फुटला असेल तर? "दादाने फोडला." व्याकरणाचं पुस्तक अजून उघडलेलं पण नसतं, तरी अकर्मक-सकर्मकाचा उपयोग त्याला पक्का कळलेला असतो. मोठेपणी हातात माईक आल्यावर माणसं हेच करतात, फक्त कपाच्या जागी पूल, योजना, पैसे असं काहीबाही येतं. तर भाषण, निवेदन, खुलासा, माफीनामा असं काहीही समोर आलं की मी ते कसं वाचतो ते सांगतो. लागतं काय, तर त्याचा लिखित मजकूर (व्हिडिओ नको, आवाज फार फसवतो) आणि एक पेन्सिल.

आधी नुसत्या क्रियापदांखाली रेघा मारायच्या. विशेषणं, उपमा, टाळ्यांची वाक्यं सध्या राहू द्या. मराठीत क्रियापदांच्या मस्त जोड्या आहेत, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, पहिल्यात गोष्ट आपली आपण होते आणि दुसऱ्यात कोणीतरी ती करतं. आता बघा कुठे कुठली जोडी येते. "आम्ही पूल बांधला" पण "पूल कोसळला". "आम्ही रोजगार दिले" पण "नोकऱ्या गेल्या". श्रेय आलं की कर्ता छाती पुढे काढून हजर, आणि अपयश मात्र पोरकं. अर्थात प्रत्येक 'झालं' म्हणजे लबाडी असं नाही हं, पाऊस पडतो तो कोणी पाडत नाही. म्हणून रेघ मारली की एवढंच विचारायचं, यात कोणा माणसाचा हात असू शकतो का? असेल तर तो माणूस वाक्यात आहे का?

मग 'करण्यात येईल' शोधा. चौकशी करण्यात येत आहे, योग्य ती कारवाई करण्यात येईल, दोषींची गय केली जाणार नाही. अशा प्रत्येक वाक्यापुढे पानाच्या समासात "कोण?" आणि "कधी?" लिहायचं आणि उत्तर त्याच मजकुरात सापडतंय का बघायचं. माझा अनुभव असा की पानभर मजकुरात समास "कोण?"नेच भरून जातो.

हे काही एकट्या मराठीचं दुखणं नाही. अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट यांनी १८७६ साली काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पाठवलेल्या शेवटच्या वार्षिक संदेशात चुका झाल्याचं मान्य केलं, आणि त्याच वाक्यात पुढे म्हटलं की त्या बहुतेक मदतनीस निवडण्यात झाल्या, तेही इतरांच्या शिफारशीवरून निवडलेले. तिथलेच नंतरचे अध्यक्ष रेगन यांनी १९८७ च्या भाषणात इराण प्रकरणाची (इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं प्रकरण) पूर्ण जबाबदारी घेतली, ती घेताना 'मी' होता, आणि मग थोड्याच वेळात "गंभीर चुका केल्या गेल्या" असं आलं तिथे 'मी' गायब! जबाबदारीला कर्ता आहे आणि चुकांना नाही, हे नुसतं ऐकून लक्षात येत नाही, वाचावंच लागतं.

इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४६ च्या एका निबंधात नियम दिला होता की कर्तरी चालत असेल तिथे कर्मणी वापरू नका. पण मराठीत तेवढ्याने भागत नाही, कारण "चुका झाल्या" हा कर्तरीच प्रयोग आहे की! शाळेतल्या पद्धतीने विचारलं, होणारं कोण, तर उत्तर 'चुका'. म्हणजे व्याकरण शंभर टक्के बरोबर आणि माणूस पसार. तेव्हा प्रयोग ओळखून थांबू नका, माणूस शोधा.

पुढचं काम मला सगळ्यात आवडतं. सगळे 'आपण' आणि 'आम्ही' यांना गोल करा. ही सोय इंग्रजीत नाही, हिंदीतही दोन्हीला एकच 'हम'. आपल्याकडे 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर आणि 'आपण' म्हटलं की तो आत, त्यामुळे बोलणारा कुठे तुम्हाला आत घेतो आणि कुठे बाहेर ठेवतो ते स्वच्छ दिसतं. "आम्ही करून दाखवलं" आणि दोनच वाक्यांनंतर "आपल्याला थोडं सोसावं लागेल", म्हणजे कौतुक त्यांचं आणि सोसणं सगळ्यांचं. हा बदल नेमका कुठल्या वाक्याला होतो तिथे बाण काढून ठेवा, पुष्कळदा भाषणाचा खरा मुद्दा तिथेच असतो.

अलंकारांपैकी एकच बघितला तरी पुरे, चेतनगुणोक्ती. कवितेत वारा गातो ते छान वाटतं, पण भाषणात महागाई डोकं वर काढते, भ्रष्टाचार बोकाळतो, यंत्रणा झोपा काढते. निर्जीव गोष्टी एवढ्या कामाला लागल्या की माणसं सुटतात. म्हणींचं थोडक्यात सांगायचं तर घाई करायची असेल तर 'शुभस्य शीघ्रम्' आहे आणि नसेल करायची तर 'अति घाई संकटात नेई' आहे, त्यामुळे म्हण आली की तो पुरावा समजू नका, पुढे जा.

माफीनामा आला तर मात्र चष्मा पुसून बसा. "माझ्या बोलण्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो." यात किती गमती आहेत बघा. 'असतील तर', म्हणजे दुखावल्यात हे अजून ठरलेलंच नाही. 'कोणाच्या', समोर हजार माणसं चिडून उभी असली तरी. 'दुखावल्या', 'मी दुखवल्या' नाही, एका कान्याने काम झालं. आणि दिलगिरी! माफी मागावी लागते, समोरचा ती नाकारू शकतो, दिलगिरी व्यक्त केली की विषय संपला, कोणाला काही विचारावं लागत नाही. त्याआधी "माझ्या विधानाचा विपर्यास करण्यात आला" असेल तर चूक ऐकणाऱ्याची ठरली, मग माफी तरी कशाची?

एवढं झालं की पूर्ण मजकूर बाजूला ठेवून तीन ओळी लिहायच्या, अट एकच, प्रत्येक ओळीत कोणी काय केलं किंवा कोण काय करणार हे आलं पाहिजे. लिहिता आलं तर बोलणाऱ्याने काहीतरी सांगितलंय. पेन तसंच हवेत राहिलं तर टाळ्या कशाला पडल्या होत्या ते पुन्हा बघा.

सराव हवा असेल तर स्वतःच्या मेसेजपासून करा, मी केला. ऑफिसात मी टाइप केलं होतं, "फाइल पाठवायची राहून गेली." म्हणजे फाइल आपली आपणच राहिली आणि वर गेली पण! खोडलं. "पाठवली गेली नाही" लिहिलं, तेही खोडलं. शेवटी "मी पाठवायला विसरलो" असं लिहून पाठवलं, तोवर दहा मिनिटं गेली होती, आणि फाइल अजून पाठवायचीच होती.